जिंकलेली वाट सोडताना

एखाद्या गावात एक नावाजलेला सुतार असावा. त्याच्या हातची दारे आणि खिडक्या पाहावयास पंचक्रोशीतील माणसे यावीत. आणि ऐन भरात असताना त्याने एके दिवशी जाहीर करावे की, उद्यापासून आपण सुतारकी सोडून लोहारकी करणार, आणि तीन वर्षांत जिल्ह्यातील पहिल्या नंबरचा लोहार होऊन दाखविणार. गाव काय म्हणेल? काही जण म्हणतील, हातोडा तर दोघांच्याही हाती असतो. मग यात अवघड ते काय? दुसरे म्हणतील, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे ते हेच. पहिल्या दिवशी दोन्ही पक्षांचे बोलणे सारखेच खरे वाटते. कोणाचे किती खरे, हे भात्यापुढे उभे राहिल्यावर कळते.

क्रीडाक्षेत्रात असा प्रसंग २०१७ साली खरोखरच घडला. अमेरिकेच्या ग्वेन जॉर्गेन्सन या ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीतील ऑलिम्पिक विजेत्या. विजयानंतर सव्वा वर्षाच्या आत त्यांनी ती शर्यत सोडली आणि लांब पल्ल्याची धावपटू होण्याचे ठरविले. नुसते ठरविले नाही, तर २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळविणे हे आपले ध्येय आहे, असे त्यांनी जगासमोर सांगून टाकले. पुढे काय झाले, आणि जे झाले ते तसे का झाले, हे समजून घेण्याजोगे आहे. मानवी शरीर कोणती कमाई एका कामातून दुसऱ्या कामात नेते आणि कोणती नेत नाही, याचा एक स्पष्ट पाठ त्यात सापडतो.

ट्रायथलॉन म्हणजे तिहेरी शर्यत. ऑलिम्पिकमध्ये तिचे मोजमाप ठरलेले आहे. प्रथम १.५ किलोमीटर पोहावयाचे, मग ४० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी १० किलोमीटर धावावयाचे. मधे विश्रांती नाही. पाण्यातून निघाल्यावर ओल्या अंगाने सायकल गाठण्यास आणि सायकलवरून उतरून धावण्याचे बूट चढविण्यास जो वेळ लागतो, तोही शर्यतीच्या वेळातच धरला जातो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७४ साली अशी पहिली शर्यत झाली, असे मानले जाते. २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये तिला प्रथमच स्थान मिळाले. म्हणजे मॅरेथॉनसारख्या शंभर वर्षांहून जुन्या शर्यतीच्या मानाने हा खेळ अगदी तरुण आहे. आपल्याकडेही तो आता अपरिचित राहिलेला नाही. २०१९ साली गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याच जातीची, परंतु अधिक लांबीची शर्यत झाली. तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असा क्रम होता.

या तरुण खेळात जॉर्गेन्सनबाई आल्या त्या काहीशा अनपेक्षितपणे. विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा हे त्यांचे गाव. जन्म १९८६ चा. लहानपणापासूनची आवड पोहण्याची. राज्याच्या विद्यापीठातही त्या पोहणाऱ्यांच्या संघातच दाखल झाल्या. धावण्याकडे त्या वळल्या विद्यापीठातील अखेरच्या वर्षांत. शिक्षण हिशेबशास्त्राचे. पदवीनंतर त्या मिलवॉकी शहरातील एका मोठ्या हिशेबतपासणी पेढीत करविषयक कामासाठी रुजू झाल्या. त्याच सुमारास अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेतील मंडळी विद्यापीठांतून एक विशिष्ट प्रकारची माणसे शोधीत होती. चांगले पोहता येते आणि चांगले धावताही येते, अशी माणसे त्यांना हवी होती. सायकल पुढे शिकविता येईल, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब बरोबर ठरला. २०१० साली जॉर्गेन्सनबाईंनी पहिली तिहेरी शर्यत केली आणि २०११ साली त्या लंडन ऑलिम्पिकसाठी पात्रही ठरल्या. दिवसा वह्या तपासणारी ही तरुणी दोन वर्षांपूर्वी या खेळात नव्हतीच.

लंडनला २०१२ साली मात्र दैव फिरले. सायकलचा टायर पंक्चर झाला आणि त्या ३८ व्या आल्या. त्यानंतर चार वर्षांची एकाग्र मेहनत सुरू झाली. जेमी टर्नर या ऑस्ट्रेलियन शिक्षकाच्या हाताखाली त्या वर्षाचा मोठा काळ घरापासून दूर राहून तयारी करीत. पती पॅट्रिक लेम्यू हे स्वतः व्यावसायिक सायकलपटू होते. त्यांनी आपली शर्यत बाजूला ठेवली आणि स्वयंपाकापासून प्रवासापर्यंतची सगळी व्यवस्था अंगावर घेतली. २०१४ आणि २०१५ अशी दोन्ही वर्षे जॉर्गेन्सनबाई जगज्जेत्या झाल्या. जागतिक मालिकेतील डझनभर शर्यती त्यांनी सलग जिंकल्या. या विजयांचे स्वरूप बहुधा एकच असे. पोहण्यात आणि सायकलवर त्या पुढच्यांच्या आसपास राहावयाच्या, आणि धावणे सुरू झाले की एकेकीला मागे टाकीत निघून जावयाच्या. प्रतिस्पर्धी मिनिटभर पुढे असली तरी सुरक्षित नसे.

२० ऑगस्ट २०१६ रोजी रिओ दि जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्यावर हेच घडले. स्वित्झर्लंडच्या निकोला श्पिरिग या लंडनच्या विजेत्या. सायकलच्या चढणींवर त्यांनी जॉर्गेन्सनबाईंना थकविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. धावताना दोघी काही काळ अगदी बरोबरीने गेल्या. शेवटच्या फेरीत जॉर्गेन्सनबाईंनी वेग वाढविला आणि १ तास ५६ मिनिटे १६ सेकंदांत शर्यत जिंकली. श्पिरिगबाई ४० सेकंदांनी मागे राहिल्या. ट्रायथलॉनमधील अमेरिकेचे हे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक होय.

आता प्रश्न असा की, जी स्त्री पोहून आणि सायकल चालवून दमल्यावरही सर्वांहून वेगाने धावते, तिने ताज्या पायांनी नुसतेच धावावयाचे ठरविले तर तिला कोण अडविणार? बहुतेकांच्या मनात हाच विचार आला, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. रिओनंतर अकरा आठवड्यांनी त्या न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. खास अशी तयारी नव्हती, तरी २ तास ४१ मिनिटे १ सेकंद या वेळेत त्या १४ व्या आल्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपला संकल्प जाहीर केला. पोर्टलंड येथील ज्या पथकात त्या दाखल झाल्या, त्याच पथकातील शॅलेन फ्लॅनगन यांनी त्याच महिन्यात न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली होती. चाळीस वर्षांत अमेरिकेच्या कोणा स्त्रीला ते जमले नव्हते. म्हणजे शिक्षक उत्तम, सोबत उत्तम, उमेद दांडगी. उणे काही दिसत नव्हते.

उणे होते ते शरीराच्या आतल्या रचनेत. ते समजण्यासाठी शरीराचे दोन भाग कल्पावेत. एक भाग इंजिनाचा आणि दुसरा चाकांचा व सांध्यांचा.

इंजिन म्हणजे हृदय, फुप्फुसे आणि रक्त. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. वर्षानुवर्षे कसलेल्या खेळाडूचे हृदय जोराच्या श्रमात त्याच्या पाचपटीहूनही अधिक काम करू शकते. या रक्ताबरोबर प्राणवायू स्नायूंकडे जातो आणि त्यावरच लांब पल्ल्याचे सारे श्रम अवलंबून असतात. हृदयाला आपला धनी पोहतो आहे की धावतो आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. पाण्यात कमावलेले हृदय रस्त्यावरही उपयोगी पडते. म्हणूनच ट्रायथलॉनचा खेळाडू एका दिवसात दोन-तीन वेळा सराव करू शकतो. पाय दुखले तर तो पोहावयास जातो. हृदयाची कमाई चालूच राहते. या अर्थाने जॉर्गेन्सनबाईंनी नव्या वाटेवर पाऊल टाकले तेव्हा त्यांचे इंजिन पूर्ण तयार होते.

चाकांची गोष्ट निराळी. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरांत अशी पंचवीस हजारांहून अधिक पावले पडतात. पाण्यात हा भार जवळजवळ नसतोच, कारण पाणी शरीराला उचलून धरते. सायकलवर वजन खोगिरावर आणि हातांवर वाटले जाते. तेव्हा ट्रायथलॉनच्या खेळाडूचे हृदय आठवड्याला पंचवीस-तीस तासांचे काम करीत असले, तरी त्याची हाडे आणि टाचेवरचा तो जाड स्नायुबंध यांना आघाताचे काम त्यातील थोडाच वेळ पडते. उलट वरच्या दर्जाचे मॅरेथॉन धावपटू आठवड्याला १६० ते २०० किलोमीटर धावतात, आणि बहुतेक जण हे काम पोरवयापासून थोडे थोडे वाढवीत आलेले असतात. हाडे भार पडला म्हणजे मजबूत होतात हे खरे. पण त्यांची गती फार मंद. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत बदलतात, हाडांना आणि स्नायुबंधांना महिनेच नव्हे, कधी वर्षे लागतात. मोठे इंजिन जुन्या छकड्यावर बसविले तर आधी मोडतो तो आस. तयार हृदय हाच अशा वेळी धोका ठरतो. ते अधिक वेगाने, अधिक दूर जाण्यास परवानगी देत राहते, आणि खाली टाच मुकाट्याने झिजत असते.

याखेरीज आणखी तीन भेद आहेत. पहिला भेद शरीराच्या ठेवणीचा. पोहणाऱ्याचे खांदे आणि दंड भरलेले असावे लागतात. मॅरेथॉनमध्ये तेच मांस अडीच तास वाहून नेण्याचे ओझे होते. दुसरा भेद चालीचा. सायकलवरून उतरलेले पाय जड आणि बधिर झालेले असतात. तशा पायांनी धावण्याची कला ही स्वतंत्र कला आहे. जॉर्गेन्सनबाई तिच्यात अजोड होत्या. परंतु शुद्ध धावण्याच्या शर्यतीत समोरच्या साऱ्याजणी ताज्या पायांनीच उभ्या असतात, आणि दमलेल्या पायांवर वेग राखण्याचा तो गुण तेथे खर्चीच पडत नाही. तिसरा भेद इंधनाचा. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो शर्यतीच्या वेगाने धावताना साधारण ३० किलोमीटरांच्या सुमारास संपत येतो. ऑलिम्पिकची तिहेरी शर्यत दोन तासांत आटोपते, म्हणजे साठा संपण्याच्या आत. मॅरेथॉनची खरी परीक्षा साठा संपल्यावर सुरू होते. तेथे चरबीचे इंधन काटकसरीने वापरण्याची सवय शरीराला वर्षांच्या सरावाने लागलेली असावी लागते.

आकड्यांवरून हे अंतर नीट ध्यानात येईल. २०१८ च्या वसंतात जॉर्गेन्सनबाईंनी धावपट्टीवर १०,००० मीटरची शर्यत ३२ मिनिटांच्या किंचित आत पूर्ण केली. ही वेळ खरोखर उत्तम आहे. जगातील लाखो धावणाऱ्यांना ती स्वप्नातही साधणार नाही. पण ज्या रिओमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतले, त्याच रिओमध्ये इथिओपियाच्या अल्माझ अयाना यांनी हेच अंतर २९ मिनिटे १७.४५ सेकंदांत तोडून विश्वविक्रम केला होता. चारशे मीटरच्या धावपट्टीवर दोघींना एकदम सोडले असे समजा. अयानाबाई शेवटची रेषा ओलांडतील त्या क्षणी जॉर्गेन्सनबाईंच्या दोन फेऱ्यांहून अधिक अंतर शिल्लक असेल. तिहेरी शर्यतीतील सर्वांत वेगवान धावपटू आणि जगातील सर्वांत वेगवान धावपटू यांच्यामधील दरी ही एवढी आहे. गावातील पैलवान आणि खासबागेच्या आखाड्यातील पैलवान यांच्यात जो फरक असतो, त्याच जातीचा हा फरक होय. गावचा पैलवान कमी प्रतीचा असतो असे नाही. तो ज्यांच्याशी लढला ती माणसे वेगळी असतात.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी त्या शिकागोच्या मॅरेथॉनमध्ये उतरल्या. या वेळी तयारी पूर्ण वर्षाची होती. निकाल लागला तो असा: २ तास ३६ मिनिटे २३ सेकंद, क्रमांक ११ वा. विजेत्या ब्रिगिड कोसगेई २ तास १८ मिनिटे ३५ सेकंदांत पोहोचल्या होत्या. न्यूयॉर्कच्या जुजबी तयारीच्या मानाने सुधारणा पाच मिनिटांचीही नव्हती, आणि पहिल्या क्रमांकापासूनचे अंतर जवळजवळ अठरा मिनिटांचे.

येथे व्यावसायिक धावपटूच्या जीवनाचा एक अवघड भाग लक्षात घेतला पाहिजे. तिहेरी शर्यतीचा खेळाडू एका हंगामात आठ-दहा वेळा स्पर्धेत उतरतो. एक शर्यत बिघडली तर पुढच्या महिन्यात भरून काढता येते. मॅरेथॉन शरीराला इतकी पिळून काढते की, वर्षातून दोन, फार तर तीन वेळाच ती पूर्ण जोमाने धावता येते. म्हणजे टोकियोच्या आधी शिकण्यासाठी हाती संधी किती, तर बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात एक जरी दुखण्यात गेली तर सारा हिशेब कोलमडतो. हिशेबशास्त्राच्या पदवीधर असलेल्या या बाईंना हे उमगले नसेल असे मुळीच नाही. तरीही त्यांनी तो डाव मांडला.

आणि दुखणे आलेच. टाचेच्या मागील हाडाला उंचवटा येऊन तो स्नायुबंधाला घासू लागला. २०१९ च्या मे महिन्यात शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुन्हा चालण्यापासून आरंभ झाला. अमेरिकेच्या ऑलिम्पिक मॅरेथॉन संघाची निवड २९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटा येथील शर्यतीवरून व्हावयाची होती. त्या शर्यतीत जॉर्गेन्सनबाई उतरल्याच नाहीत. आपण मॅरेथॉनसाठी अद्याप तयार नाही हे मान्य करून त्या धावपट्टीवरील लहान अंतरांकडे वळल्या. पुढे महामारीमुळे ऑलिम्पिक एक वर्ष लांबणीवर पडले. २०२१ च्या जूनमध्ये धावपट्टीच्या निवडचाचणीत त्या धावल्या, पण संघात स्थान मिळाले नाही. टोकियोचे स्वप्न तेथे संपले.

या कथेला एक विलक्षण जोड आहे. अटलांटाच्या त्या निवडशर्यतीत मॉली सायडेल नावाची एक तरुणी दुसरी आली. तिच्या आयुष्यातील ती पहिलीच मॅरेथॉन. शाळेत असल्यापासून ती धावत आलेली. आणि धावण्याच्या जोडीला मुले सांभाळण्याचे व कॉफीच्या दुकानातील काम करून ती खर्च भागवीत असे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उकाड्यामुळे उत्तरेकडील साप्पोरो शहरी झाली. तीत केनियाच्या पेरेस जेपचिरचिर यांनी २ तास २७ मिनिटे २० सेकंदांत सुवर्णपदक मिळविले, आणि मॉली सायडेल यांनी २६ सेकंदांनी मागे राहून कांस्यपदक. या सायडेलबाई वाढल्या कोठे, तर विस्कॉन्सिन राज्यातील त्याच वॉकेशा परगण्यात. पदक जॉर्गेन्सनबाईंच्या मुलखात आले. घर मात्र शेजारचे निघाले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, माणसाने आपली वाट कधी बदलू नये. हा निष्कर्ष घाईचा होईल. त्याच रिओ ऑलिम्पिकमध्ये, जॉर्गेन्सनबाईंच्या विजयाच्या पाच दिवस आधी, सातारा जिल्ह्यातील मोही या दुष्काळी मुलखातील गावच्या ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. ३,००० मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, अशी ही शर्यत. ललिताबाई मूळच्या मॅरेथॉनच्या. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत त्या लागोपाठ अव्वल आल्या होत्या. लांब पल्ल्यावरून त्या लहान पल्ल्याकडे वळल्या, २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी कांस्यपदक घेतले आणि पुढच्या वर्षी त्या आशियाच्या विजेत्या झाल्या. रिओच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत त्या १० व्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा यांच्यानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. वाट बदलणे येथे फळाला आले. कारण बदलली ती फक्त वाट. पायांखालची कमाई तीच राहिली. धावणारीच धावत राहिली, तिचे हाड आणि तिची टाच आघाताला आधीच सरावलेली होती. जुन्या धंद्यातील कोणते भांडवल नव्या धंद्यात चालते, हाच पाहण्याचा मुद्दा. जॉर्गेन्सनबाईंचे हृदयाचे भांडवल चालले, टाचेचे अपुरे पडले. ललिताबाईंचे बहुतेक सारेच चालले.

आपल्या मुलामुलींना खेळाच्या मैदानावर सोडणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. पोहणारा किंवा सायकल चालविणारा मुलगा धावू लागला म्हणजे त्याचा दम पाहून सारे चकित होतात आणि पहिल्याच महिन्यात त्याला दहा-पंधरा किलोमीटर पळवितात. दम टिकतो, म्हणून पायही टिकतील असे समजतात. नडगीचे दुखणे, टाचेचे दुखणे आणि हाडाला गेलेली बारीक चीर, ही याच गैरसमजुतीची फळे होत. अशा मुलाच्या धावण्याचे माप त्याच्या श्वासावरून न ठरविता पायांवरून ठरवावे. आठवड्याचे अंतर सावकाश वाढवावे आणि मधूनमधून एखादा आठवडा ते कमी करावे. सावकाशपणाने कोणाचे नुकसान होत नाही. घाईने मात्र वर्ष वाया जाते.

जॉर्गेन्सनबाईंची कथा २०२१ साली संपली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना दुसरा मुलगा झाला. २०२३ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या पुन्हा ट्रायथलॉनमध्ये उतरल्या. पाच-सहा वर्षे पोहणे आणि सायकल यांपासून दूर राहिल्यामुळे तेथेही त्यांना पुन्हा धडे गिरवावे लागले. त्याच वर्षी विश्वचषक दर्जाच्या शर्यतीत त्यांनी विजय मिळविला. परंतु पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या तीन अमेरिकन स्त्रियांत त्यांचे नाव आले नाही. मधल्या काळात नव्या मुली पुढे निघून गेल्या होत्या.

तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे म्हणून हे प्रकरण कोणी मिटवू पाहील. पण हातात जे राहिले ते धुपाटणे आहे काय, याचा विचार करावा. रिओचे पदक कोणी काढून घेतलेले नाही. जॉर्गेन्सनबाईंना सोपा मार्ग उपलब्ध होता. जिंकलेल्या खेळात आणखी चार वर्षे जिंकत राहावे, किंवा पदक गळ्यात घालून सन्मानाने घरी बसावे. तसे न करता तिशी ओलांडल्यावर, तान्हे मूल घरात असताना, त्या एका नव्या शाळेच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. शिवाय आपले ध्येय त्यांनी मोघम ठेवले नाही. ‘जमेल तसे पाहू’ असे म्हणणाऱ्याला अपयश कधी येत नाही, कारण त्याने मोजपट्टी कोणाच्या हाती दिलेलीच नसते. जॉर्गेन्सनबाईंनी ती सर्वांच्या हाती दिली. शिकागोला अठरा मिनिटांनी मागे पडल्यावर आणि टाच कापून घेतल्यावरही त्या उघडपणे सांगत राहिल्या की प्रयत्न चालू आहे. आणि मॅरेथॉन आपल्याला झेपत नाही असे दिसले तेव्हा तेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

सुरुवातीच्या त्या सुताराकडे पुन्हा वळावे. लोहारकीत तो जिल्ह्यात पहिला झाला नाही असे समजा. गाव त्याला हसेल आणि विसरून जाईल. पण ऐरणीपुढे घालविलेल्या वर्षांनी त्याला एक गोष्ट निश्चित शिकविली असेल. लाकूड त्याला का वश होते, आणि लोखंड का होत नाही, हे आता तो स्वतःच्या हातांवरच्या चटक्यांवरून सांगू शकेल. पुढे एखादा पोरगा अशीच वाट बदलावयास निघाला, तर तो त्याला आधी विचारील, ‘बाबा, बरोबर काय नेतो आहेस, आणि मागे काय ठेवतो आहेस, ते मोजलेस का?’ त्या पोराला जाऊ नकोस असे मात्र तो म्हणणार नाही.